खणाचा काठ, झग्याची शिवण

खणाचे ‘डिझायनर’ ड्रेस आता हळदीपासून ऑफिसातल्या गणपतीपर्यंत दिसतात. त्यांच्याविषयी लिहिताना रंग आणि ‘परंपरा’ यांवर भागवले जाते. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तरी शिवण वाचण्याची सवय आपल्या समीक्षेला लागलेली नाही.

शिवण वाचण्याआधी कापड ओळखावे लागते. खणाचे मोठे केंद्र बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड. खणाची बुट्टी जादा ताण्यातून उठते. नक्षीचा धागा कापडाच्या लांबीने धावतो. पैठणीत नक्षी बाण्याने भरतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. खणाला मात्र उलटी बाजू असते, तिथे धागे सुटे तरंगतात. पन्हा अरुंद, दोन्ही कडांना काठ. जुन्या चोळीची बेतणी या मापातूनच निघाली. दंडावरचा काठ वेगळा लावलेला नसे. ती कापडाची मूळ कड, म्हणून दुमडावी लागत नसे.

पायघोळ झग्याचा घेर या पन्ह्यात मावत नाही. जोड द्यावाच लागतो, आणि कारागिराचा कस तिथेच लागतो. दापोडीत आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे दुरुस्तीला आलेले दोन झगे मी उलटे करून पाहिले. एकावर बुटिकची पट्टी होती. त्याचे काठ कापून घेराला लेसेसारखे लावलेले, कळ्या उरेब कापलेल्या. त्यामुळे बुट्ट्यांच्या ओळी शिवणीपाशी चुकत होत्या. अस्तर नव्हते, पैंजणात अडकून धागे ओढले गेले होते. दुसरा घरगुती. सबंध पन्ह्याच्या सरळ पट्ट्या, काठाला काठ जोडलेला, कमरेला चुण्या, आतून मलमल. शिवण काठातच लपली होती. “हा उसवला तर चोळ्या निघतील,” बाई म्हणाल्या. पहिल्यातून चिंध्याच निघतील.

मला दुसरा झगा सरस वाटतो, कारण त्याची रचना विणकराच्या हिशेबाशी भांडत नाही. (पहिला फोटोत अधिक खुलतो, हे खरे.)

छापील पॉलिस्टरला हा हिशेबच नाही, म्हणून त्याला खण म्हणू नये. एकाच नावाखाली दोन्ही विकले गेले की विणकराची मजुरी छपाईच्या दराशी तोलली जाते. दुकानात टोक उलटून पाहावे: मागे धागे नसून नक्षी नुसती फिकट उमटली असेल, तर ती छपाई. यंत्रमागाचा खण मात्र या खुणेने ओळखता येत नाही.