रसायनशास्त्राच्या पदव्या : नावे अनेक, प्रयोगशाळा किती?

बारावीचा निकाल लागला की रसायनशास्त्राची आवड असणारे विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, “सर, आता पुढे काय घेऊ?” उत्तर बहुधा ठरलेले असते. गुण चांगले असतील तर रासायनिक अभियांत्रिकी, ती न मिळाल्यास फार्मसी आणि काहीच न जमल्यास बी.एस्सी. ही उतरंड गुणांची आहे, विषयाची नव्हे. या पदव्यांत प्रत्यक्ष काय शिकवले जाते हे पाहिले, तर ती टिकत नाही.

मोरचूद तापवल्यावर त्याचा निळा रंग का जातो आणि पाण्याचा थेंब टाकताच परत का येतो, या प्रश्नाने ज्याला घेरले आहे असा विद्यार्थी घेऊ. रासायनिक अभियांत्रिकीत त्याला द्रव-वायूंचे प्रवाह, उष्णतेचे वहन, ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांची रचना, अभिक्रियापात्रांचे गणित शिकावे लागेल. चंचुपात्रातली अभिक्रिया टनांच्या प्रमाणावर सुरक्षितपणे व परवडेल अशी कशी चालवावी, हा त्या शाखेचा प्रश्न आहे. तो महत्त्वाचा आहेच. पण तो वेगळा प्रश्न आहे. त्यात गणित आणि पदार्थविज्ञान अधिक, रसायनशास्त्र त्या मानाने थोडे. मुंबईची १९३३ साली स्थापन झालेली व २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ बनलेली रसायन तंत्रज्ञान संस्था रंग, औषधे, बहुवारिके, तेले अशा शाखांत तंत्रज्ञानाच्या पदव्या देते. उद्योगाची ओढ असणाऱ्या रसायनप्रेमी विद्यार्थ्याला या पदव्या अधिक जवळच्या आहेत.

शुद्ध विषय शिकायचा असेल, तर विज्ञानाचीच पदवी हवी. येथे दोन वाटा आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये (स्थापना २००६) बीएस-एमएस हा ५ वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला सर्व विज्ञानशाखांची ओळख होते आणि शेवटच्या वर्षी संशोधनप्रकल्प असतो. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील मूलभूत विज्ञान केंद्र आणि भुवनेश्वरची नायसर या संस्थांत एकात्मिक एम.एस्सी. आहे, प्रवेश ‘नेस्ट’ परीक्षेतून मिळतो. पण या संस्थांतील जागा थोड्या. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले गावच्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातच बी.एस्सी. करणार. म्हणून आमचा खरा आक्षेप त्या पदवीविषयी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ही पदवी आता ३ किंवा ४ वर्षांची झाली आहे. ३ वर्षांना किमान १२० श्रेयांक, ४ वर्षांना किमान १६०. पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते आणि पुढे एम.एस्सी. एका वर्षात पुरी होते. कागदावर योजना चांगली आहे. ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्राचे चौथे वर्ष कित्येक दशके संपूर्णपणे संशोधनाला दिलेले असते. परंतु तेथे विद्यार्थी ते वर्ष एखाद्या चालत्या संशोधनगटात काढतो. आपल्याकडे ज्या महाविद्यालयात साधा वर्णपटमापकही धड चालत नाही, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे चौथे वर्ष म्हणजे आणखी दोन सत्रांच्या परीक्षा, एवढेच उरण्याची भीती आहे.

ही भीती उगाच नाही. संशोधनासाठी येणाऱ्या एम.एस्सी. झालेल्या मुलांना आम्ही विचारतो, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १ लिटर कसे कराल? बाजारातले संहत आम्ल सुमारे १२ मोलर असते, म्हणून ८.३ मिलिलिटर घेऊन पाणी घालायचे, हे पुष्कळांना सांगता येते. पण संहत आम्लाची तीव्रता नेमकी ठाऊक नसते, बाटली उघडी राहिली की वायू उडून ती घटते, म्हणून हे द्रावण सोडियम कार्बोनेटशी अनुमापन करून प्रमाणित करावे लागते, हे थोड्यांनाच सुचते. दोष मुलांचा नाही. ५ वर्षे त्यांच्यापुढे द्रावणे तयारच येत गेली. ती प्रयोगशाळा सहायकाने केली. मुलांनी ब्युरेट भरली आणि जर्नलमध्ये ‘अपेक्षित’ उत्तर लिहिले. श्रेयांकांची बेरीज वाढवून हे सुधारणार नाही.

दुसरी उणीव गणिताची. ‘रसायनाला गणित कशाला?’ असे म्हणून अकरावीतच ते सोडले जाते. पुढे पुंजरसायन आणि ऊष्मागतिकी समोर आल्यावर मुले अडतात, भौतिक रसायनाला घाबरतात आणि एम.एस्सी.ला सेंद्रिय शाखेकडे गर्दी करतात. औषधउद्योगातील नोकऱ्या हे त्या गर्दीचे कारण आहेच; पण भीती हेही एक कारण आहे. आयआयटीतील एम.एस्सी.साठी घेतल्या जाणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेत रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमातही बारावीपर्यंतचे गणित असते, हे अकरावीतच सांगायला हवे.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती अशी : पदवीचे नाव सांगून थांबू नका. विद्यार्थ्याला महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारायला सांगा. प्रात्यक्षिकाला एका मेजावर किती मुले असतात? द्रावणे मुले स्वतः करतात का? चौथ्या वर्षाचा प्रकल्प कोणत्या उपकरणावर आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली होतो? या प्रश्नांना नीट उत्तरे देणारे तालुक्याचे महाविद्यालय, ती टाळणाऱ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयापेक्षा रसायनशास्त्र शिकायला केव्हाही बरे.