रिव्हेट बरोबर, रुंदी चूक

‘अचूकता हवी तर पैसे मोजा’ हे वाक्य मॉडेल रेल्वेच्या छंदात सारखं ऐकू येतं. रिसर्चमध्ये तेच वाक्य जरा सुटाबुटात येतं: ‘वेळ व खर्चाच्या मर्यादेमुळे सदर अभ्यासात...’. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांनी ते कुठून तरी उचललेलं असतं. या पोस्टमध्ये मला त्या वाक्यावर टीका करायची आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतलंय डिझेल इंजिनांच्या छोट्या मॉडेल्सचं. कारण साधं आहे. तिथे चूक पट्टी लावून मोजता येते आणि किंमत खोक्यावर छापलेली असते.

आधी जुजबी माहिती. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. खरी गाडी ८७ पट लहान केली की एचओ. रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. याला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात, म्हणजे अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात असलेला स्टँडर्ड गेज. हिशोब चोख जमतो. पण इंजिनाच्या बाकीच्या भागांचं तसं नाही. माझ्या मते या मॉडेल्समध्ये चार वेगवेगळ्या जातीच्या चुका सापडतात. त्या सगळ्यांना ‘खर्चामुळे झालेली तडजोड’ म्हणणं हीच मूळ गडबड आहे.

पहिली जात: लादलेली चूक

अमेरिकेतल्या ॲथर्न कंपनीची निळ्या खोक्यातली डिझेल इंजिनं अनेक वर्षं स्वस्त आणि दणकट म्हणून प्रसिद्ध होती. त्यातल्या जुन्या मॉडेल्सचा हूड खऱ्यापेक्षा रुंद होता. हूड म्हणजे इंजिनावरचं लांबट आवरण; त्याच्या दोन्ही बाजूंना कर्मचाऱ्यांना चालायला अरुंद पट्टी असते. हूड फुगला की ती पट्टी आणखी अरुंद होते, आणि १:८७ चा माणूस तिथून जाणार कसा असा प्रश्न पडतो. कारण काय, तर त्या काळची मोटर खऱ्या मापाच्या हूडमध्ये मावत नव्हती. बारीक मोटर वापरायची तर इंजिन महाग झालं असतं आणि छंद मूठभर लोकांपुरता राहिला असता. पुढे मोटर सडपातळ झाली तशी ॲथर्नच्याच नंतरच्या मॉडेल्समध्ये हूड योग्य मापाचा झाला.

इथे ‘अचूकता विरुद्ध खर्च’ ही मांडणी खरी आहे. एक गोष्ट घ्यायची तर दुसरी सोडावी लागत होती. अशी चूक माफ करायला हरकत नाही, फक्त ती नेमकी कुठे आहे ते सांगायला हवं.

दुसरी जात: वारशाने आलेली चूक

ब्रिटनमध्ये एचओ फारसं रुजलं नाही. तिथली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा आकाराने लहान, त्यामुळे ३.५ मिमीला एक फूट या प्रमाणात तेव्हाच्या मोटरी मावत नव्हत्या. मग शरीर मोठं केलं, ४ मिमीला एक फूट, म्हणजे १:७६.२, रूळ मात्र तेच १६.५ मिमीचे ठेवले. हे ओओ प्रमाण. १९३८ मध्ये आलेल्या हॉर्नबी डब्लोमुळे ते तिथे घट्ट बसलं. आता गुणाकार करा: १६.५ गुणिले ७६.२ म्हणजे साधारण १२५७ मिमी. खरा गेज १४३५. म्हणजे ओओमधली प्रत्येक गाडी खऱ्यापेक्षा जवळजवळ १८ सेंटीमीटर अरुंद रुळांवर धावते.

गंमत अशी की ही तडजोड झाली तेव्हा बाजारात वाफेची इंजिनं होती. आजच्या डिझेल मॉडेलमध्ये मोटरीला ऐसपैस जागा आहे, तरी गेज तोच. का? कारण आता खर्च एका इंजिनाचा राहिलेला नाही. रूळ, सांधे, वाघिणी, डबे, लोकांच्या माळ्यावरच्या मांडण्या, सगळं त्या चुकीला धरून उभं आहे. अचूक गेज हवा असणारे लोक आहेत, ते १८.८३ मिमीचा पी-फोर गेज वापरतात, पण त्यांना चाकं बदलावी लागतात आणि रुळांचा बराचसा भाग हाताने बनवावा लागतो.

चाकांचंही असंच. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओमध्ये रुळलेलं चाक ०.११० इंच, म्हणजे २.७९ मिमी रुंद असतं. ८७ ने गुणलं तर २४३ मिमी. खऱ्या चाकाची रुंदी १४५ मिमीच्या आसपास. इतकं जाड चाक का? कारण घरातली वळणं अवघड असतात. १८ इंच त्रिज्येचं वळण खऱ्या मापात जेमतेम ४० मीटरचं होतं. मोठं मेनलाइन इंजिन असल्या वळणात शिरणारच नाही. मॉडेलला मात्र शिरावं लागतं, आणि तेही न घसरता.

ही चूक एकट्याने सुधारली तर तुम्ही बरोबर असाल, पण इतरांच्या रुळांवर धावणार नाही. आपल्याकडे याचं रूप म्हणजे जुनी प्रश्नावली, जुनी वर्गवारी, जुना निर्देशांक. सदोष आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण मागच्या तीस वर्षांच्या आकडेवारीशी तुलना करायची तर तोच वापरावा लागतो. वापरा, पण ‘सोयीसाठी’ असं लिहू नका. ‘तुलनेसाठी’ असं लिहा, आणि त्या चुकीचं माप द्या.

तिसरी जात: टाळता आली असती अशी चूक

माझी खरी तक्रार इथे आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डेन्मार्कच्या हेलियान कंपनीने ब्रिटनच्या क्लास ४७ या डिझेल इंजिनाचं ओओ मॉडेल काढलं. चालायला उत्तम, वजनदार, तपशीलही भरपूर. पण शरीर रुंदीला जास्त. छंदी लोकांनी त्याला लगेच लठ्ठ ठरवलं आणि तसं टोपणनावही पाडलं. इथे मोटर मावत नव्हती असं म्हणायला जागा नाही, कारण नंतर इतर कंपन्यांनी त्याच इंजिनाची मॉडेल्स योग्य रुंदीत काढून दाखवली.

आता खर्चाचा हिशोब बघा. प्लास्टिकची बॉडी ओतायला पोलादी साचा लागतो. तो महाग असतो, पण एकदाच कापायचा असतो. योग्य रुंदीचा साचा आणि चुकीच्या रुंदीचा साचा कापायला पैसे सारखेच लागतात. फरक पडतो तो साचा कापण्याआधी कोणी किती वेळा माप तपासलं याने. याउलट सुटे हँडरेल, पायऱ्या, पाइप, शिट्ट्या हे सगळं प्रत्येक इंजिनावर माणसाने हाताने बसवायचं असतं, म्हणजे तो खर्च प्रत्येक नगामागे वाढत जातो. थोडक्यात, ढोबळ माप बरोबर ठेवणं स्वस्त आहे आणि बारीक तपशील महाग आहे.

आणि चुका दुरुस्त होण्याचा हिशोब नेमका उलटा. तपशील नंतर भरता येतो. साच्यातली रुंदी नंतर बदलता येत नाही.

चौथी जात: गाळलेली गोष्ट

इटलीच्या लिमा कंपनीची ब्रिटिश डिझेल मॉडेल्स स्वस्त म्हणून खपायची. हँडरेल बॉडीतच ओतलेले, मोटर साधी, रंगकाम बेताचं. पण अनेक लोकांनी त्याच बॉडी घेतल्या, ओतलेले हँडरेल तासून काढले, तिथे बारीक तार बसवली, काचा बदलल्या आणि त्यातून देखणी इंजिनं उभी केली. २००४ मध्ये लिमा हॉर्नबीकडे गेली आणि तिचे काही साचे हॉर्नबीच्या स्वस्त ‘रेलरोड’ मालिकेत पुन्हा वापरात आले. म्हणजे जे गाळलं होतं, ते गाळलंय हे दिसत होतं, आणि ज्याला हवं त्याला स्वतःचा वेळ घालून भरता येत होतं. खर्च नाहीसा झाला नाही; तो पैशातून वेळेत सरकला.

अमेरिकेतल्या स्केलट्रेन्स या कंपनीने तर हा फरक उघड नाव देऊनच विकला: ‘ऑपरेटर’ मालिकेत सुटे तपशील कमी, ‘रिव्हेट काउंटर’ मालिकेत जास्त. रिव्हेट मोजणारा ही या छंदातली थट्टेची उपाधी. तीच त्यांनी मालिकेला दिली. मला यात आवडतं ते हे की घेणाऱ्याला आधीच कळतं काय गाळलंय.

मग किती बारीक जायचं?

याला पैशाआधी अंतराचं उत्तर आहे. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका फरक ओळखतो. एक मीटरवर हे होतात सुमारे ०.३ मिमी. खऱ्या इंजिनावरचं अडीच सेंटीमीटरचं रिव्हेटचं डोकं एचओमध्ये ०.२९ मिमी होतं. म्हणजे मांडणीपासून मीटरभर दूर उभं राहणाऱ्यासाठी रिव्हेट दिसण्याच्या काठावर आहे. हातात धरून बघणाऱ्यासाठी ते स्पष्ट आहे. पण फुगलेली बॉडी दुसऱ्या कंपनीच्या डब्यांना जोडली की दोघांनाही दिसते. फोटो जवळून काढलेला असतो आणि एकट्या इंजिनाचा असतो. म्हणून फोटो बघून खरेदी करणाऱ्या बाजारात रिव्हेट भाव खातो आणि रुंदी निसटते.

यावर कोणी म्हणेल, रुंद इंजिनही खपलंच ना, लोक खूश होते ना? होते. एकच इंजिन कपाटात ठेवायचं असेल तर मीही तक्रार करणार नाही. पण मॉडेल म्हणजे इतर मॉडेल्सशेजारी उभी राहायची वस्तू. आपला डेटाही तसाच. पुढे कोणीतरी तो आपल्या डेटाशेजारी ठेवणार आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

‘मर्यादा’ हा भाग लिहिताना प्रत्येक मुद्द्यापुढे यातली जात लिहा. साधन मिळत नव्हतं म्हणून स्वीकारलं? तुलनेसाठी जुनं माप ठेवलं? मुद्दाम गाळलं आणि नंतर भरता येईल? की आधी तपासलं असतं तर टळलं असतं? पहिल्या तिघांना ‘मर्यादा’ म्हणता येतं. चौथ्याला नाही, ते फील्डवर जायच्या आधीच दुरुस्त करायचं काम आहे. सॅम्पल कोणाकडून घ्यायचं, ‘कुटुंब’ म्हणजे नक्की कोण, प्रश्न कोणत्या बोलीत विचारायचे, ही आपली रुंदी. यावर बहुतेक वेळा पैसे कमी आणि डोकं जास्त खर्च होतं. तीन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे आणि रंगीत आलेख हे आपले रिव्हेट.

एक गृहपाठ देतो. पुणे आणि कल्याणच्या डिझेल शेडमुळे आपल्याला ओळखीचं झालेलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन घ्या. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ मध्ये तो १९.२६ मिमी व्हायला हवा. एचओच्या तयार रुळांवर चालवायचं तर १६.५ वर बसवावा लागतो. खऱ्या मापात ही २४ सेंटीमीटरची चूक, म्हणजे ओओपेक्षाही मोठी. तुम्ही हे मॉडेल बनवत असाल तर काय कराल: बॉडी १:८७ ठेवून गेज चुकवाल, गेजला धरून बॉडी लहान कराल, की स्वतःचे रूळ ओताल? उत्तर एका ओळीत लिहा, आणि पुढच्या ओळीत लिहा की त्याची किंमत कोण मोजणार आहे. दुसरी ओळ जमली तर तुमच्या गाइडपुढे ‘मर्यादा’ वाचून दाखवायला तुम्ही तयार आहात.