फुगणाऱ्या काँक्रीटचा पहिला आठवडा

चाकणच्या गोदामांत काय किंवा पिंपरी-भोसरीच्या शेडमध्ये काय, काँक्रीटची फरशी आधी बिघडते ती सांध्यापाशी. फोर्कलिफ्टची कडक चाकं तिथे रोज आदळतात, कडा झिजतात आणि तुटतात. काँक्रीट आक्रसणार हे गृहीत धरून ट्रिमिक्सच्या (व्हॅक्यूमने पाणी ओढून घट्ट केलेल्या) फरशीला ठरावीक अंतरावर ग्रूव्ह, म्हणजे सांधे कापायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. चाचणीचे आकडे हाताशी नसतील तर एकूण आक्रसण 0.0003 धरा, असं आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. म्हणजे दहा मीटरला तीन मिलिमीटर.

सांधे कमी हवे असतील तर काँक्रीट आधी फुगवायचं. फ्रान्समध्ये आंरी लोसिए यांनी 1930च्या दशकात या दिशेने काम सुरू केलं. पुढे बर्कलीत अलेक्झांडर क्लाइन यांनी ते व्यवहारात आणलं. अशा काँक्रीटमध्ये एट्रिंगाइट या खनिजाचे स्फटिक वाढतात, काँक्रीट पसरू पाहतं आणि सळई त्याला धरून ठेवते. सळई ताणली जाते, काँक्रीट दाबलं जातं. पुढच्या आक्रसण्याला आधी हा दाब संपवावा लागतो.

हा दाब किती, ते सांगणं अवघड. जपानमध्ये युकिकाझु त्सुजी यांनी त्याचं सुटसुटीत उत्तर दिलं: सळईचं प्रमाण बदललं तरी दर घनफळामागे काँक्रीट सळईवर करतं ते कार्य सारखंच राहतं. 1 टक्का सळईला 200 मायक्रोस्ट्रेन (दशलक्षात 200 भाग ताण) मिळाली, तर काँक्रीटमधला दाब 0.4 मेगापास्कल. सळई 2 टक्के केली की स्ट्रेन 141 वर उतरते आणि दाब 0.57 वर चढतो. डिझायनरच्या वहीत मावणारं इतकं उपयोगी सूत्र दुसरं नसेल. पण ते शेवटचा आकडा देतं, सहाव्या तासाला काय चाललंय ते सांगत नाही. शिवाय जमिनीवरच्या फरशीत अडवणूक एकसारखी नसते. सळई बहुधा वरच्या अंगाला, तर घर्षण खालून, मुरमाकडून.

ही उणीव तासातासाचा हिशेब मांडणारी मॉडेल भरून काढतात. दर टप्प्याला मॉड्युलस (कडकपणा), क्रीप (भाराखालचं सावकाश सरकणं), तापमान आणि फुगणं घेऊन स्ट्रेसची बेरीज करत जायची. त्यांची कमजोर जागा मला दिसते ती फुगण्याच्या आकड्यात. हा आकडा मोकळ्या नमुन्यावरून घेतला तर फसगत होते, कारण मोकळं काँक्रीट फुगताना आतून सैलावतं, जखडलेलं तितकं सैलावत नाही. त्यात काँक्रीट मऊ असताना झालेल्या फुगण्यातून दाब जवळपास मिळतच नाही. हे सुरुवातीचे तास चुकले की संगणकावर कितीही बारीक जाळं विणलं तरी पुढची बेरीज चुकीचीच येते.

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. जपानी चाचण्या 20 अंशांवर होतात, आपले क्यूब 27 अंशांच्या पाण्यात राहतात आणि एप्रिलमधली चाकणची दुपार चाळिशीकडे झुकते. साहित्यही आपलं: सिमेंट बहुधा पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं), खडी बेसाल्टची, वाळू क्रश्ड. त्यात फुगायला पाणी लागतं: एट्रिंगाइटच्या सूत्रात पाण्याचे 32 रेणू असतात. भर दुपारी गोणपाट कोरडं पडलं, तर मॉडेलमधलं फुगणं कागदावरच राहतं.

साइटवर 7 आणि 28 दिवसांचे क्यूब फोडले जातात, पण ते फक्त ताकद सांगतात. जखडलेल्या फुगण्याची चाचणी काही महागडी नाही: 10 सेंटिमीटर चौरस काँक्रीटची कांडी, मधोमध एक सळई, दोन्ही टोकांना पोलादी पट्ट्या. फरशीचं काम देणाऱ्या कारखानदारांनी आणि सल्लागारांनी ती टेंडरमध्येच लिहावी, आणि ज्या आरएमसी (रेडी-मिक्स) प्लांटमधून माल येणार त्याच्याच मिश्रणावर, कामाच्याच ऋतूत, पहिले सात दिवस करून घ्यावी.