लोहमार्ग, भूक आणि एकजूट : उस्मान सेम्बेन यांच्या ‘गॉड्स बिट्स ऑफ वुड’ या कादंबरीची चिकित्सा

प्रस्तावना

सेनेगल हा पश्चिम आफ्रिकेतील अटलांटिक किनाऱ्यावरचा देश. १९६० मध्ये स्वतंत्र होईपर्यंत तो फ्रेंच अमलाखाली होता आणि डाकार हे शहर समग्र फ्रेंच पश्चिम आफ्रिकेचे प्रशासकीय केंद्र होते. याच देशातील लेखक व चित्रपट दिग्दर्शक उस्मान सेम्बेन (१९२३-२००७) यांची ही कादंबरी १९६० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाली. १९६२ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला. डाकार-नायजर लोहमार्गावरील कामगारांचा १० ऑक्टोबर १९४७ ते १९ मार्च १९४८ हा दीर्घ संप हा तिचा विषय होय. सेम्बेन यांनी स्वतः मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून काम केले होते. त्यामुळे ही कादंबरी पुष्कळदा संपाचा प्रत्यक्ष दस्तऐवज म्हणून वाचली जाते. हे वाचन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. भूगोल आणि रचना

सेनेगलच्या अंतर्भागातील भुईमूग बंदरापर्यंत आणणे आणि समुद्रकिनारा नसलेल्या फ्रेंच सुदानला, म्हणजे आजच्या मालीला, डाकारशी जोडणे हे या लोहमार्गाचे मुख्य प्रयोजन होते. मार्गाची लांबी बाराशे किलोमीटरहून अधिक असून थिएस हे कार्यशाळांचे व जंक्शनचे गाव. कादंबरीची प्रकरणे बामाको, थिएस आणि डाकार या तीन स्थळांमध्ये विभागलेली आहेत. एकच नायक अथवा एकच कुटुंब केंद्रस्थानी नाही. संपनेता बाकायोको हा देखील कथानकात उशिरा प्रत्यक्ष अवतरतो. तोवर तो इतरांच्या बोलण्यातूनच वाचकाला भेटतो. गाड्या थांबल्या आहेत, परंतु निरोप, निधी आणि माणसे त्याच मार्गाने या तीन गावांना बांधून ठेवतात. वसाहतीच्या व्यापारासाठी टाकलेला मार्ग कामगारांच्या एकजुटीचा मार्ग होतो, हा आशय येथे रचनेतूनच व्यक्त झाला आहे.

२. अर्थकारण : वेतन आणि चूल

युरोपीय व आफ्रिकी कर्मचाऱ्यांसाठी एकच श्रेणीव्यवस्था असावी, ही ऐतिहासिक संपाची प्रमुख मागणी होती. बहुसंख्य आफ्रिकी कामगार ‘सहायक’ या तात्पुरत्या वर्गात मोडत आणि कायम सेवेच्या लाभांपासून वंचित राहत. कादंबरीत या मागणीला कुटुंबभत्त्याच्या प्रश्नाची जोड मिळते. आफ्रिकी कामगाराच्या घराला ‘कुटुंब’ म्हणून मान्यता देण्यासच संचालक देजां याचा विरोध आहे. त्यामुळे वाद पैशापुरता उरत नाही. माणूस म्हणून कोणाची गणना व्हावी, हा प्रश्न निर्माण होतो. जिवंत माणसे मोजल्यास त्यांचे आयुष्य घटते, या समजुतीमुळे माणसांना ‘देवाची लाकडे’ म्हणून मोजण्याची रीत आहे. कादंबरीचे शीर्षक या रीतीवरून आले असून ते येथे विशेष अर्थपूर्ण ठरते.

सेम्बेन यांचे खरे सामर्थ्य अर्थकारणाला चुलीपाशी आणण्यात आहे. पाणी तोडले जाते, दुकानदार तांदूळ उधार देईनासे होतात. रामातुलायच्या घरातले अन्न तिच्या श्रीमंत भावाचा मेंढा खाऊन टाकतो. ती त्याला कापते आणि त्यातून पोलिसांशी संघर्ष उद्भवतो. या स्त्रीला आधी कोणतीही राजकीय दीक्षा मिळालेली नाही. घरातल्या मुलांची भूक हीच तिची प्रेरणा आहे. पुढे समाजाने हिणवलेली पेंडा थिएस ते डाकार या स्त्रियांच्या पदयात्रेचे नेतृत्व करते आणि डाकारच्या वेशीवर गोळीबारात मरण पावते. संप पुरुषांनी सुरू केला, पण तो स्त्रियांनी टिकवला, हे कादंबरी केवळ सांगत नाही, प्रसंगांतून सिद्ध करते.

३. राजकारण : एकजुटीची किंमत

मात्र ही पदयात्रा सेम्बेन यांची कल्पनानिर्मिती मानली जाते. ललितकृतीला असे स्वातंत्र्य असतेच. त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो कादंबरीने वगळलेल्या वास्तवाविषयी. फ्रेडरिक कूपर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखविल्यानुसार, कामगारांचे खेड्यांशी असलेले नातेसंबंध आणि काही व्यापाऱ्यांची मदत यांमुळेच संप पाच महिने तग धरू शकला. कादंबरीत व्यापारी प्रामुख्याने रेल्वेचे हस्तक म्हणून येतात आणि खेडे जवळजवळ अनुपस्थित राहते. ज्या भुईमुगावर सेनेगलची अर्थव्यवस्था उभी होती, तो पिकवणारा शेतकरीही दिसत नाही. भुकेचे चित्रण प्रखर व्हावे म्हणून अन्नाचा ग्रामीण आधार दृष्टीआड केला आहे. परिणामी कामगारवर्ग स्वयंपूर्ण भासतो व विजय निर्विवाद वाटतो. वास्तवातील तडजोडीची गुंतागुंत लोपते.

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी इतिहासाने या चित्राला छेद दिला. सेनेगल व सुदान यांचा माली महासंघ ऑगस्ट १९६० मध्ये फुटला आणि बामाको-डाकार रेल्वेसंपर्क १९६३ पर्यंत बंद राहिला. प्रत्यक्ष संपाचे नेते इब्राहिमा सार स्वतंत्र सेनेगलमध्ये मंत्री झाले. परंतु डिसेंबर १९६२ च्या सत्तासंघर्षात पंतप्रधान ममादू दिया यांच्यासह त्यांना अटक झाली. वसाहतवादी सत्तेविरुद्ध साधलेली एकजूट स्वराज्यात आपोआप टिकत नाही. या विघटनाची बीजे कोठे होती, याचे उत्तर कादंबरीत मिळत नाही. कारण कामगार, शेतकरी, व्यापारी आणि राजकीय पुढारी यांच्यातील हितसंबंधांचे ताण तिने पुरेसे मांडलेले नाहीत.

समारोप

तात्पर्य, ‘गॉड्स बिट्स ऑफ वुड’ ही संपाची बखर नव्हे. अभ्यासक्रमात तिचा उपयोग इतिहासाचे साधन म्हणून करताना हे भान आवश्यक आहे. तिचे मोल अन्यत्र आहे. वेतनाचा झगडा स्वयंपाकघरातून पाहण्याची दृष्टी तिने दिली आणि कागदोपत्री नोंद नसलेल्या स्त्रियांना वाणी दिली. इतिहासकार ज्यांची नावे नोंदवू शकला नाही, त्यांना कादंबरीकाराने नावे दिली. शेतकऱ्याला मात्र त्यानेही अनामच ठेवले. कादंबरीचे यश आणि तिची मर्यादा अशी एकत्रच वाचली पाहिजे.