गेलेल्या गावांचे चित्रपट

आपल्या घरांतील मुले हल्ली ज्या जपानी सचेतनपटांत रमलेली असतात, त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांची दोन मते आढळतात. एक मत असे, की ते शेवटी कार्टूनच. मुलांनी पाहिले तर बिघडले कुठे? दुसरे मत असे, की त्यात रक्तपात आणि भुतेखेते असतात, तेव्हा ते बंदच केलेले बरे. दोन्ही मते बहुधा चित्रपट न पाहताच दिलेली असतात. वास्तविक आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या पालकांनी १९९३ साली दूरदर्शनवर ज्या मोगलीसाठी रविवारची वाट पाहिली, ती ‘जंगल बुक’ मालिका जपानीच होती. युगो साको आणि राम मोहन यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेला रामायणावरील जपानी-भारतीय सचेतनपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला आलेला ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा ॲनिमे पाहण्यासाठी तरुणांनी गर्दी केली आणि तो हिंदीतही उपलब्ध होता. तात्पर्य, हा पाहुणा आपल्या घरात फार पूर्वीच येऊन बसलेला आहे. त्याच्याशी बोलायचे कसे, एवढाच प्रश्न उरतो.

प्रस्तुत लेखात सगळ्याच ॲनिमेंची ओळख करून देण्याचा मानस नाही. या चित्रसृष्टीत एक धागा असा आहे, की तो भोर आणि वेल्हे तालुक्यांतील वाचकांना, तसेच तेथून उठून पुण्या-मुंबईस स्थिरावलेल्या कुटुंबांना, इतरांपेक्षा अधिक जवळचा वाटावा. हा धागा आहे गेलेल्या गावांचा. माणसे जिथे राहिली, जेवली, भांडली, नांदली आणि जिथे आता कोणी नाही, अशा जागांविषयी जपानी दिग्दर्शक गेली तीसेक वर्षे सातत्याने बोलत आले आहेत.

या दोन तालुक्यांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. वेळवंडी नदीवरील भाटघरचे मोठे धरण १९२७ साली पुरे झाले. नीरा-देवघर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि अलीकडच्या काळात गुंजवणी अशी धरणे झाली. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. पानशेत म्हटले की पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या धरणाच्या पोटात गेलेली गावे त्या आठवणीत नसतात. भाटघरच्या जलाशयातील कांबरेश्वराचे देऊळ ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काही दिवस उघडे पडते आणि पावसाळ्यात पुन्हा दिसेनासे होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची घरे त्या पाण्याखाली आहेत, त्यांनी हे चित्रपट पाहताना एक कसोटी हाताशी ठेवावी असे सुचवावेसे वाटते. गेलेल्या गोष्टीचे हा चित्रपट काय करतो? ती परत आणून देतो, की तिचा नीट निरोप घ्यायला शिकवतो?

माकोतो शिंकाई यांचा ‘युवर नेम’ (२०१६) सर्वांत गाजलेला, म्हणून आरंभ त्यापासून करू. हिदाच्या डोंगरातील इतोमोरी या गावात मित्सुहा ही मुलगी आजी आणि धाकट्या बहिणीसह राहते. टोकियोतील ताकी नावाच्या मुलाशी तिची झोपेत अदलाबदल होऊ लागते. ती त्याच्या देहात जागी होते, तो तिच्या. पुढे ताकीला उमगते, की हे गाव तीन वर्षांपूर्वीच धूमकेतूचा तुकडा कोसळून नष्ट झाले असून पाचशेहून अधिक माणसे मेली आहेत. धाग्यांचा गोफ विणणारी आजी, तळ्याकाठचे गाव, सणाची संध्याकाळ ही चित्रे इतकी देखणी आहेत, की डोळ्यांचे पारणे फिटावे. मात्र उत्तरार्धात काळ मागे फिरवला जातो, माणसांना वेळेवर बाहेर काढले जाते आणि सारे वाचतात. गाव जाते, पण दुःख उरत नाही. अखेरीस मित्सुहा आणि तिचे मित्र टोकियोत दिसतात. वाचलेल्या शेकडो गावकऱ्यांचे पुढे काय झाले, त्यांना जमीन कुठे मिळाली, आजीचा गोफ नव्या घरात कोणी विणला का, याविषयी चित्रपट मौन पाळतो. पुनर्वसन या शब्दाचा अर्थ ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना हे मौन खटकल्यावाचून राहणार नाही. चित्रपट सुंदर आहे, परंतु त्याचे सांत्वन फार स्वस्तात मिळालेले आहे.

जणू आपली ही उणीव शिंकाई यांनाही जाणवली असावी, असे त्यांचा ‘सुझुमे’ (२०२२) पाहताना वाटते. हा चित्रपट एप्रिल २०२३ मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत आला होता. सतरा वर्षांची सुझुमे मावशीकडे वाढलेली. तिची आई, एक परिचारिका, ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत गेलेली. ओसाड जागांमध्ये काही दारे उघडतात आणि त्यांतून भूकंप घडवणारी शक्ती बाहेर पडते. ती दारे बंद करत सुझुमे जपानभर फिरते. पडीक झालेले गरम पाण्याच्या झऱ्यांचे विश्रामगाव, दरड कोसळल्यावर सोडलेली शाळा, बंद पडलेले करमणूक-उद्यान, अशी ती ठिकाणे. दार नुसत्या जोराने लागत नाही. एकेकाळी तिथे वावरलेल्या माणसांचे आवाज आधी कान देऊन ऐकावे लागतात, मगच कुलूप बसते. सगळ्या चित्रपटाचा गाभा या एका कल्पनेत आहे. विस्मरणाने जागा मोकळी होत नसते. तिथल्या माणसांना आठवूनच तिचा निरोप घेता येतो.

शेवटच्या दाराशी त्या मार्चच्या सकाळचे आवाज ऐकू येतात. घराघरांतून शाळेला, कामाला निघालेली माणसे ‘जाऊन येतो’ म्हणत आहेत. आपल्याकडेही उंबऱ्यातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, अशी रीत आहे. ‘येतो’ म्हणून गेलेली आणि न आलेली माणसे, एवढ्यावरच चित्रपट थांबतो. आई परत येत नाही. तिने बनवलेली तीन पायांची लहानशी खुर्ची तेवढी उरते. ‘युवर नेम’ पेक्षा ‘सुझुमे’ अधिक मोठा चित्रपट आहे, असे म्हणावेसे वाटते ते याच कारणाने.

तरीही एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. धूमकेतू आणि भूकंप यांना कोणी जबाबदार नसते. भाटघर किंवा वरसगाव आकाशातून पडले नाही. तो माणसांनी बैठकीत घेतलेला निर्णय होता, आणि त्यातून दुसऱ्या माणसांच्या शेतांना व नळांना पाणी मिळाले. शेजारच्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तो निसर्गाविरुद्ध नव्हता. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ या कादंबरीत धरणग्रस्तांच्या वाट्याला आलेली कचेरी, मोजणी आणि मोबदल्याची फरफट आहे. तिला १९९२ चे साहित्य अकादेमी पारितोषिक लाभले. शिंकाई यांच्या चित्रपटांत शोक आहे. हा जाब मात्र नाही.

तो जाब हवा असेल, तर इसाओ ताकाहाता यांच्याकडे जावे लागते. स्टुडिओ जिब्लीच्या या दिग्दर्शकाचा ‘पोम पोको’ १९९४ साली आला. तानुकी हा कोल्ह्या-कुत्र्याच्या कुळातला, जपानी लोककथांत रूप पालटणारा म्हणून प्रसिद्ध असलेला प्राणी. टोकियोलगतच्या तामा टेकड्या कापून तेथे नवनगर वसवले जात असताना हे तानुकी रूपे पालटून, भुतांची मिरवणूक काढून, माणसांना हुसकावण्याचे नाना उपाय करतात. चित्रपट विनोदी आहे, काही ठिकाणी चावटही आहे. परंतु विनोदाच्या आडून ताकाहाता सांगतात, की हे तानुकी हरतात. त्यांनी जीव पणाला लावून काढलेली मिरवणूक एका करमणूक-नगरीचा मालक स्वतःची जाहिरात म्हणून खपवतो. शेवटी उरलेसुरले तानुकी सगळी शक्ती एकवटून त्या टेकड्यांचे जुने रूप क्षणभर उभे करतात. वाटा, शेते, झाडे, ओळखीची माणसे, सारे तसेच समोर येते. आपलीच माया आहे हे विसरून ते स्वतः त्या दृश्याकडे धावत सुटतात आणि दृश्य विरून जाते. गेलेली भूमी परत दाखवण्याचा मोह ताकाहातांनाही आहे, मात्र ती हाती लागत नाही हे सांगण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी आहे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या देवळाकडे पाहणाऱ्या वृद्ध डोळ्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. पानशेतच्या वाटेवर रिसॉर्टच्या आणि विकाऊ भूखंडांच्या पाट्या वाचणाऱ्या तरुणालाही लागू नये.

ताकाहाता यांचाच ‘ओन्ली यस्टरडे’ (१९९१) शांत प्रकृतीचा आहे. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको सुटीत यामागाताच्या खेड्यात करडईच्या जातीची फुले खुडायला जाते. तेथील तरुण शेतकरी तिला सांगतो, की शहरातले लोक ज्याला निसर्ग म्हणून वाखाणतात, तो शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून घडवलेला असतो. पावसाळ्यात राजगड-तोरण्याच्या वाटेवर भातखाचरांची छायाचित्रे काढणाऱ्या पाहुण्यांना हा प्रसंग अवश्य दाखवावा.

हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्याला बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल आणि पुढे ऑस्कर मिळाले. त्यातील हाकू हा मुलगा एका नदीचा आत्मा आहे. ती नदी बुजवून वर इमारती बांधल्या गेल्यामुळे त्याला परतायला घर नाही, आणि स्वतःचे नावही तो विसरला आहे. चिहिरोला नदीचे नाव आठवते, तेव्हा तो मुक्त होतो. नदी मात्र बुजलेलीच राहते.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल. या चित्रपटांत देवदेवता, आत्मे, मंदिरे आहेत. आपल्या मुलांनी ते पाहावे का? हे सारे जपानी लोकश्रद्धेतून आलेले आहे आणि तसे मुलांना मोकळेपणाने सांगावे. त्यावर विश्वास ठेवा, असा आग्रह चित्रपट धरत नाहीत. ‘सुझुमे’ मधील आवाज ऐकण्याची कल्पना तर आपल्याला परकी वाटू नये. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावून आपण मृतांची नावे घेतो, ती त्यांना परत आणण्यासाठी नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. ‘ओन्ली यस्टरडे’ मोठ्यांनी आधी पाहावा. लहानांना तो संथ वाटेल. ‘स्पिरिटेड अवे’ आठ-नऊ वर्षांपासून पुढे चालेल, पण पहिल्या भागात आईवडिलांची डुकरे होतात तेव्हा कोणीतरी शेजारी असावे. ‘पोम पोको’ मध्ये मृत्यू आहेत. तो दहा-अकरा वर्षांनंतर. ‘युवर नेम’ आणि ‘सुझुमे’ कुमारवयीन मुलांसाठी योग्य आहेत; आई गमावलेल्या मुलाला ‘सुझुमे’ एकट्याने पाहू देऊ नये. ‘डीमन स्लेअर’ मध्ये शिरच्छेद आणि रक्त विपुल आहे. तरी त्याचा नायक तांजिरो मरणाऱ्या राक्षसातही पूर्वीचा माणूस पाहतो, ही गोष्ट मोठ्या मुलांशी बोलण्याजोगी आहे. लहानांना तो नकोच. यांपैकी एकही चित्रपट मराठी आवाजात माझ्या पाहण्यात आलेला नाही, म्हणून घरातील आजी-आजोबांना कोणीतरी मधूनमधून सांगत जावे. जिब्लीचे चित्रपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आल्यापासून ते घरबसल्या पाहणेही सोपे झाले.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्याची बातमी सर्वत्र झाली. पाण्याखाली गेलेल्या वाड्या-वस्त्यांची नावे मात्र आता मोजक्याच वृद्धांच्या तोंडी उरली आहेत. ‘सुझुमे’ संपल्यावर घरातील थोरांना विचारावे, की आपले मूळ गाव कोणते, शेजारी कोण होते, विहीर कुठे होती, शेवटच्या दिवशी घरातून काय उचलून आणले. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे. चित्रपटातील मुलीला ते आवाज कल्पनेने ऐकावे लागतात. आपल्या घरांतून ते अजून प्रत्यक्ष ऐकता येतात, पण फार वर्षे नाही.