फळांच्या कचऱ्याची बॅटरी : वीज येते कोठून?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत ‘सडक्या फळांपासून वीज’ हा प्रकल्प हमखास पाहायला मिळतो. नासलेली लिंबे किंवा संत्री, त्यांत खोचलेल्या तांब्याच्या व जस्ताच्या पट्ट्या आणि शेवटी मिणमिणणारा लाल एलईडी. प्रयोग स्वस्त आहे, मुलांना स्वतः करता येतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या तक्त्याबद्दल. ‘फळांतील वाया जाणाऱ्या ऊर्जेचे विजेत रूपांतर’ असे त्यावर लिहिलेले असते. हे विधान चूक आहे.

या घटातील ऊर्जा येते ती जस्तातून. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून आयनरूपाने रसात उतरतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि तेथे रसातील हायड्रोजन आयनांना मिळून हायड्रोजन वायू तयार होतो. फळ पुरवते ते फक्त आम्ल आणि वाहक द्रव. फळाची खरी ऊर्जा साखरेत असते. तिला हा घट हातही लावत नाही. व्होल्टाने १८०० साली मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यावर भागवलेच होते.

मग सडण्याने काय होते? पेशी फुटून रस मोकळा होतो व घटाचा अंतर्गत रोध कमी होऊ शकतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली बटाटा ८ मिनिटे उकडून त्याच्या घटाची शक्ती दहापटीपर्यंत वाढवली, तीही रोध घटल्यामुळेच.

दुसरा दोष मोजमापाचा. मल्टिमीटर ०.९ व्होल्ट दाखवतो आणि मुले तेवढ्यावर थांबतात. घटाला १००० ओहमचा रोध जोडून पुन्हा मोजायला सांगावे. समजा, आता ०.५ व्होल्ट आले. म्हणजे प्रवाह ०.५ मिलिअँपिअर आणि शक्ती पाव मिलिवॅट. या हिशोबाने ९ वॅटच्या एका दिव्याला असे ३६,००० घट लागतील! हे गणित तक्त्यावर आले, तर प्रकल्पाचे मोल वाढेलच.

शिक्षकांनी आणखी दोन चाचण्या करून घ्याव्यात. एक : दोन्ही पट्ट्या तांब्याच्याच लावाव्यात, व्होल्टता जवळजवळ शून्य येईल. दोन : फळाऐवजी व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके वापरावे; तांबे-जस्ताची व्होल्टता जवळपास तेवढीच राहील. उत्तर मुलांना आपोआप मिळेल. जस्त उतरलेले फळ मात्र कोणी खाऊ नये.

फळांच्या कचऱ्यातून खरोखर ऊर्जा काढायची, तर ते काम जिवाणूंचे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातील कचऱ्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेथे साखर व पिष्ट यांचेच इंधन होते. प्रदर्शनात हे दोन्ही प्रकल्प शेजारी ठेवावेत आणि परीक्षकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : यात खर्च काय होते?