पारोची कबर आणि प्लेगचे क्रूस

फर्दापूरहून घाट चढून अजिंठा गावात गेल्यावर एक साधी कबर दिसते. तीवर पारो हे नाव आणि २३ मे १८५६ हा दिनांक कोरलेला आहे. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यास आलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांची ती सहचरी. साथीच्या आजारात ती गेली, असे सांगितले जाते. ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ (१९८४) हे दीर्घकाव्य ह्या दोघांवर रचले. २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला.

महानोर पळसखेड्याचे. ह्या डोंगररानाची ओल त्यांच्या शब्दांत उपजतच आहे आणि आम्हांस हे काव्य प्रिय आहे. तथापि करोनानंतर ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा एक प्रश्न मनात उभा राहिला. साथ कधी एकट्यादुकट्याला नेत नाही. काव्य मात्र त्या दोघांचेच राहते. हा कवीचा दोष नव्हे, प्रेमकाव्याची ती मर्यादाच आहे. पण साहेबाने दगड बसविला म्हणून पारो उरली. त्या उन्हाळ्यात आणखी ज्या घरांतून आक्रोश उठला असेल, त्यांच्या वाट्याला ना दगड आला, ना ओळ.

ह्याउलट मुंबईचे पाहावे. १८९६ मध्ये तेथे प्लेग आला, तेव्हा वांद्र्यासारख्या गावठाणांतून आपल्या ईस्ट इंडियन बांधवांनी क्रूस उभारले. संकट टळावे, ही त्यामागील मूळ याचना. स्मरण मागाहून आले. मे महिन्यात अशा क्रूसांभोवती आजही शेजारीपाजारी जमतात आणि जपमाळ म्हणतात. ह्याला वाङ्मय कोणी म्हणणार नाही, पण ‘आम्ही’ हे सर्वनाम तेथे खरे उच्चारले जाते.

करोनाने महाराष्ट्रात १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे नेली, ही झाली सरकारी नोंद. अंत्यविधीस वीसच माणसे चालत. मिस्सा बंद होत्या. त्यानंतर आपल्या लेखकांनी लिहिले ते बहुधा ‘माझी आई’, ‘माझे बाबा’ असे. त्यांतील अश्रू खरे आहेत, हे आम्ही मनापासून मानतो. पण खांदा द्यायला जाता आले नाही, ही शेजाऱ्याची सल कोणी लिहिली? अनोळखी देह उचलणाऱ्या हातांविषयी कोणी लिहिले? २ नोव्हेंबरला दफनभूमीत धर्मग्रामातील मृतांची नावे वाचली जातात, तेव्हा कोणाचेही आडनाव आले तरी सगळेच मान लववितात. ह्या यादीची लय आमच्या कवितेत अद्याप उतरलेली नाही.